राशीतून निवडलेले गाव

चितेगाव पाहायला म्हणून चितेगावला कोणी जात नाही. ते वाटेवरचे गाव आहे. पैठणला निघालेल्या माणसाला ते लागते आणि मागे पडते. केव्हा लागले, केव्हा मागे पडले, हे विचारले तर दहांतल्या आठांना सांगता यायचे नाही. कोणी पैठणी घ्यायला चाललेले असते, कोणी नाथांच्या समाधीला, कोणी हिवाळ्यात नाथसागरावर उतरणारे पाहुणे पक्षी बघायला. फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिंड्या याच रस्त्याने जातात. पायी चालणाऱ्याला मात्र कोणतेच गाव चुकवता येत नाही, त्यामुळे चितेगावची खरी ओळख असलीच तर ती वारकऱ्यांना.

छत्रपती संभाजीनगरचे रेल्वे स्टेशन सोडून महानुभाव आश्रमाच्या चौकातून दक्षिणेला वळले की नावांची एक सुरेख माळ लागते. कांचनवाडी, नक्षत्रवाडी, गेवराई तांडा, मग आपले चितेगाव, पुढे फारोळा, बिडकीन, ढोरकीन आणि शेवटी पैठण. नक्षत्रवाडी! हे नाव ज्याने ठेवले त्याला माझा नमस्कार. आज तिथे उंच इमारती आहेत आणि शहराच्या पाण्याच्या टाक्या आहेत. पण नाव अजून चांदण्यातच उभे आहे.

चितेगावचा पत्ता सांगण्याची एक तऱ्हा मला फार आवडते. ज्यांच्या घरी नव्वद सालाच्या आगेमागे पहिला रंगीत टीव्ही आला, त्यांतल्या कित्येकांच्या टीव्हीवर व्हिडिओकॉनचे नाव होते. या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय चितेगावला, आणि कागदोपत्री त्याचा पत्ता असा : चौदा किलोमीटरचा दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता, गाव चितेगाव, तालुका पैठण. देशभर चित्रे पोचवणाऱ्या कंपनीने आपला ठावठिकाणा सांगावा तो रस्त्याकडेच्या एका दगडावरून! २०१८ साली ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२३ साली औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. पत्त्यातला एकेक शब्द असा हलत गेला. दगडाने मोजलेले अंतर तेवढे जागच्या जागी राहिले.

मी गेल्या जानेवारीत आठवडाभर या गावी राहिलो. कारण काव्यमय नव्हते. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते, आणि मराठीच्या प्राध्यापकाला वेळ असतो असा एक समज शिक्षणक्षेत्रात दृढ असल्यामुळे ते माझ्याकडे आले होते. अशा शिबिरात सकाळी रस्ते झाडायचे, दुपारी व्याख्यान, रात्री भारूड किंवा पथनाट्य, असा ठराविक कार्यक्रम असतो. या वेळी आमचे भूगोलाचे प्राध्यापक बरोबर होते. ते म्हणाले, ‘‘रस्ते गावकरी आपले आपण झाडतात. आपण गावाचा पाण्याचा नकाशा करू.’’ आणि त्यांनी शाळेच्या वर्गात, बाकांची दोन टेबले करून, लॅपटॉप मांडले.

नकाशाचे काम करणाऱ्या ज्या संगणक-प्रणालीवर हा उद्योग चालला होता तिचे नाव क्यूजीआयएस. २००२ साली अलास्कातल्या गॅरी शर्मन नावाच्या गृहस्थाने ती सुरू केली. पुढे जगभरच्या हौशी आणि जाणत्या मंडळींनी ती वाढवली, आणि आजही ती कोणालाही फुकट मिळते. नकाशाचा कच्चा माल आला तो ओपनस्ट्रीटमॅपमधून. हाही लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा. इंग्लंडात स्टीव्ह कोस्टने २००४ साली त्याचा पाया घातला. आपल्या गल्लीचे नाव कोणी त्यात घालतो, कोणी विहीर घालतो, कोणी मंदिर. गावजेवणासारखा हा प्रकार आहे. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणावे.

पण गावजेवणाचे सामान एका खोलीत ओतले तर काय होईल? आमच्या जिल्ह्याचा हा नकाशा पडद्यावर उघडला तेव्हा अगदी तेच झाले. रेघांच्या एकाच थरात हमरस्ते होते, गाडीवाटा होत्या, ओढे होते, विजेच्या तारा होत्या, रेल्वेही होती. सगळ्या रेघा एकाच रंगाच्या आणि सारख्याच जाडीच्या. गोदावरी कोणती आणि पैठण रस्ता कोणता, हे ओळखायला आधी नकाशा ठाऊक असायला हवा होता. मी म्हटले, ‘‘सर, याला नकाशा म्हणायला माझे मन घेत नाही.’’ ते म्हणाले, ‘‘ही रास आहे. आता निवडायची.’’

हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण मला तो आठवडाभर पुरला. आपल्या भाषेत निवडणे म्हणजे पसंत करणे, निवडणे म्हणजे मतदान करणे, आणि निवडणे म्हणजे ताटात तांदूळ घेऊन खडे बाजूला काढणे. पहिली दोन कामे आपण क्वचित करतो. तिसरे आपल्या घरात रोज होत असे. ओसरीवर उजेडाला बसून आई तांदूळ निवडायची तेव्हा तिची नजर दाण्यांवर नसायची, खड्यावर असायची. बोट आपोआप तिथे जायचे. संगणकाच्या या निवडीत असेच काहीसे आहे. फरक एवढाच की काय शोधायचे ते त्याला शब्दांत सांगावे लागते.

ते सांगायची रीत अशी. नकाशातल्या प्रत्येक रेघेमागे, प्रत्येक ठिपक्यामागे एक तक्ता असतो. नाव काय, प्रकार काय, रुंदी किती, असे त्याचे रकाने. आपण एका चौकटीत वाक्य लिहायचे : जलमार्गाच्या रकान्यात ‘ओढा’ असे ज्याच्यापुढे लिहिले आहे ते सारे निवड. रकान्याचे नाव दुहेरी अवतरणचिन्हात, त्यातली नोंद एकेरी अवतरणचिन्हात. उलट केलेत तर पडदा ढिम्म हलत नाही. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या शास्त्रीय व्याकरणाने आम्हां मराठीवाल्यांना पुष्कळ धाक घातला, पण अवतरणचिन्ह चुकले म्हणून कोणी आमच्याशी बोलणेच बंद केले नव्हते. वाक्य बरोबर पडले की मात्र मोठी मौज होते. क्षणात त्या गुंत्यातले तेवढेच ओढे पिवळेधमक होतात. बाकीचा पसारा जिथल्या तिथे राहतो, पण नजरेआड झाल्यासारखा वाटतो. मग त्या थराच्या नावावर उजवी कळ दाबून ‘निवडलेलेच तेवढे नव्या थरात साठव’ अशी आज्ञा द्यायची. यातले ‘निवडलेलेच’ फार महत्त्वाचे. तिथली लहानशी खूण करायची राहिली, तर निवडलेले आणि न निवडलेले सगळेच नव्या फाईलमध्ये जाते आणि एका राशीच्या दोन राशी होतात.

माझ्यासारख्याला यातली सर्वांत नवलाची गोष्ट ही वाटली की निवडून वेगळे काढले तरी मूळ राशीतला एक दाणा कमी होत नाही. ओढे नव्या पातळ कागदावर आले आणि जुन्याही कागदावर राहिले. घरातल्या कोणत्याही वाटणीत असे घडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी गंमत अंतराची. ‘ओढ्यापासून पाचशे मीटरांतल्या विहिरी दाखव’ असे एका मुलीने सांगितले, आणि पडद्यावर सगळी पृथ्वी गिळणारे एक वर्तुळ आले! प्राध्यापक हसले. मूळ नकाशा अक्षांश-रेखांशांत होता. त्यामुळे पाचशे म्हणजे त्याच्या लेखी पाचशे अंश. नवा थर साठवतानाच तो मीटरांच्या मापात घ्यावा लागतो. त्यासाठी पृथ्वीचे सहा सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले आहेत. आपला हा भाग ७२ ते ७८ पूर्व रेखांशांमधल्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो. तो पट्टा निवडला आणि पाचशे मीटर म्हणजे पुन्हा पाचशे मीटर झाले. चितेगावच्या शिवारात पावलांनी मोजता येतील इतके.

हे सारे संगणकाचे चमत्कार म्हणून मी ऐकत होतो, तोच प्राध्यापकांनी पिशवीतून सर्व्हे ऑफ इंडियाचा एक जुना, घड्यांवर फाटलेला ताव काढला. आपले शहर ज्या तावात येते त्याचा क्रमांक ४७ एम/५. तावावर डोंगरांच्या समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, झाडी हिरवी, लागवड पिवळी, घरे आणि रस्ते तांबडे, नावे काळी. हे रंग शोभेसाठी नाहीत. जुन्या छपाईत दर रंगाचा वेगळा ठसा करावा लागे. तपकिरी ठशावर फक्त उंची, निळ्यावर फक्त पाणी. कागद एकेका ठशाखालून जाई आणि शेवटी देश उमटे. म्हणजे थर आधीपासून होतेच. १७६७ साली स्थापन झालेल्या या खात्याने ते पिढ्यान् पिढ्या एकमेकांवर अचूक बसवले. आपण आता ते पुन्हा सुटे करतो आहोत, इतकेच. त्या तावावर आणखी एक बारकावा आहे. ज्या ओढ्याला पाणी असते तेवढाच निळा. कोरडा ओढा काळ्या रेघेचा. आमच्या भागात तावाचा निळा ठसा फार दमला नसावा.

आणि नकाशामागच्या त्या तक्त्याचे म्हणाल, तर तोही काही कालचा नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने भूगोलाचा ग्रंथ लिहिला. त्याचा पुष्कळसा भाग म्हणजे गावांची नावे आणि पुढे त्यांचे रेखांश-अक्षांश. त्या यादीत ‘बैठण’ आहे, तिथे कोणाची राजधानी आहे हेही सांगितलेले आहे. सातवाहनांचे प्रतिष्ठान, आपले पैठण ते हेच. ज्या रस्त्याने एस.टी. जाते त्याच्या टोकाचे गाव अठराशे वर्षांपूर्वी एका ग्रीक तक्त्यात आकड्यांसह बसलेले होते. चितेगाव त्यात नाही. यादी करणाऱ्याने राजधान्या निवडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या आवडीची निवड मागितली. गावांची नावे. ज्या नावांच्या शेवटी ‘वाडी’ आहे ती एका थरात, ‘तांडा’ असलेली दुसऱ्यात, ‘पिंपळगाव’ तिसऱ्यात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावांच्या नावांवरून महाराष्ट्राच्या वसाहतीचा माग काढण्याचा प्रचंड उद्योग केला. त्यांच्या हाती हे यंत्र असते तर काय झाले असते, असा विचार मनात आला आणि लगेच वाटले की त्यांचे यंत्राशी भांडणच झाले असते. कारण यंत्राला नाव कळत नाही, नावाची अक्षरे तेवढी कळतात. चितेगाव इंग्रजी लिपीत कोणी एका टीने लिहितो, कोणी दोन टींनी, कोणी ‘चिते’ आणि ‘गाव’ तोडून. एका वाक्याने तिन्ही सापडत नाहीत. बरे, अक्षरे सैल सोडावीत तर नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातले चितेगाव येते, चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातले चितेगाव येते, आणि आमच्याच जिल्ह्यात बीडच्या रस्त्यावरचे चित्तेपिंपळगावही डोके वर काढते. शेवटी नावाने शोधणे सोडून जागेने शोधावे लागले : पैठण तालुक्याच्या हद्दीच्या आत जे आहे तेवढेच. नावाने निवडणे आणि जागेने निवडणे, अशा या दोन वेगळ्या विद्या आहेत. खेड्यात पाहुणा कोणाचे घर विचारू लागला तर लोक त्याला दोन्ही एकदम सांगतात; नाव सांगतात आणि ‘पाराच्या मागं’ हेही सांगतात.

तांड्यांचा थर मात्र नीट निघाला. एकेका गावाला टेकून, थोडे बाहेर, चढाच्या बाजूला असे ते ठिपके. लमाणांच्या फिरत्या तळांची ही स्थिर झालेली नावे. बाकी सारी गावे झाकली आणि तेवढेच उघडे ठेवले, तेव्हा नेहमीच्या प्रवासात मला कधी न दिसलेला जिल्हा दिसला. रस्त्यावरून जाताना ‘गेवराई तांडा’ ही पाटी मी किती वेळा वाचली असेल!

आता पाण्याचे. मुलांनी चार दिवस शिवार पायाखाली घातले. फोनवर जागा घ्यायची, विहिरीचा ठिपका टाकायचा, आणि पुढच्या रकान्यात प्रश्नांची उत्तरे भरायची : बांधीव की कच्ची, खोली किती, उन्हाळ्यात पाणी असते की नाही. किती विहिरी निघाल्या तो आकडा मी येथे देत नाही. ती आठवड्याभराची पोरांची मोजणी, तिला सरकारी शिक्का नको. पण त्या चार दिवसांत त्यांनी बरेच पाहिले. एका शेतकऱ्याने त्यांना रिकाम्या प्लॉटवर नेऊन पाय आपटून दाखवला आणि सांगितले, ‘‘हितं हिर व्हती.’’ विहीर बुजवून त्यावर प्लॉट पाडले होते. पोरांत वाद पेटला. नसलेल्या विहिरीचा ठिपका टाकायचा की नाही? अखेर एक नवा रकाना केला, ‘आता आहे का’, आणि ठिपका टाकला. एके रात्री वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी. दिवसभर निवडून काढलेले थर तात्पुरते ठेवलेले होते, ते गेले. तात्पुरता थर म्हणजे पाटीवरचे लिहिणे. त्या मुलाने कंदिलाच्या उजेडात एक अवाक्षर न बोलता पुन्हा सगळे वहीत उतरवून काढले, याचे मला फार कौतुक वाटले.

मग पाण्याचे थर एकमेकांवर मांडले तेव्हा या गावाचे भूगोलातले नशीब माझ्या डोळ्यांपुढे उलगडले. जायकवाडीच्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. धरण चितेगावपासून फार लांब नाही. पण कालवा पाण्याच्या वळणाने उतरत जातो. पैठणचा डावा कालवा २०८ किलोमीटर, तो जालना-परभणीकडे जातो. उजवा १३२ किलोमीटर, तो बीडकडे. चितेगाव धरणाच्या उत्तरेला, चढावर. कालव्याचा थर उघडला की निळ्या रेघा धरणापासून निघून या गावाकडे पाठ फिरवून चालू लागतात.

तरी धरणाचे पाणी चितेगावावरून जाते. ते नळातून जाते. शहराला पाणी पुरवणारी वाहिनी जायकवाडीहून फारोळ्याला येते, तिथे पाणी शुद्ध होते आणि पैठण रस्त्याच्या कडेकडेने ते चढवत नक्षत्रवाडीला नेतात. आधी सातशे मिलिमीटर व्यासाची वाहिनी होती, मग चौदाशेची झाली. अडीच हजार मिलिमीटरच्या नव्या वाहिनीचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. लोकांच्या त्या मोठ्या नकाशात ही वाहिनी आम्हाला सापडली नाही, म्हणून दोन मुले रस्त्याकडेने व्हॉल्व्ह मोजत चालत गेली आणि त्यांनी ती आखली. मग प्रश्न विचारला : या वाहिनीपासून पाचशे मीटरांच्या आतल्या ज्या विहिरींपुढे ‘उन्हाळ्यात पाणी नाही’ असे लिहिले आहे, तेवढ्याच निवड. पिवळे ठिपके वाहिनीच्या दोन्ही अंगांना उमटले आणि ‘चितेगाव_कोरड्या’ अशा नावाने नव्या थरात गेले. आमच्या घरी, शहरात, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते म्हणून आम्ही पुष्कळ कुरकुर करतो. ते पाणी कोणाच्या दारावरून येते हे मी प्रथमच कागदावर पाहिले. एका व्हॉल्व्हच्या गळतीचे डबके झाले होते. तिथे एक बाई शेळ्यांना पाणी पाजत होती. तो ठिपका मुलांनी कोणत्या थरात घातला ते मी विचारले नाही.

शिबिराच्या शेवटच्या आधीच्या रात्री प्राध्यापकांनी आणखी एक नकाशा काढला. अमेरिकन सैन्याच्या नकाशा-खात्याने १९५०च्या दशकात सबंध हिंदुस्थानचे अडीच लाखांत एक या प्रमाणाचे ताव छापले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते कोणालाही पाहता येतील असे ठेवले आहेत. म्हणजे धरणाच्या आधीची गोदावरी. कायगावकडून पैठणला येणारी नदी त्यात बारीक, वळणावळणाची, आणि दोन्ही काठांना गावांची गर्दी. पण हे चित्र आहे. चित्रातून काही निवडता येत नाही. आधी त्याचे अक्षांश-रेखांश जुळवून ते जागेवर बसवायचे, मग एकेका गावावर हाताने ठिपका टाकून शेजारी नाव लिहायचे. दोन मुली आणि एक मुलगा सकाळपासून तेच करत होते. नावे इंग्रजीत अशी काही छापलेली की वाचायला मला बोलवावे. ती वाचताना मराठीच्या प्राध्यापकाचा शिबिरात प्रथमच काही उपयोग झाला.

रात्री वर्गात गावातली दहा-पंधरा मंडळी जमली होती. आजच्या नकाशातून नाथसागराचे निळे क्षेत्र उचलले, जुन्या गावांच्या ठिपक्यांवर ठेवले आणि आज्ञा दिली : या क्षेत्राच्या आत जे ठिपके येतात ते निवड.

पिवळे दिवे लागल्यासारखे झाले. जुन्या नदीच्या वळणांबरोबर, एकामागून एक. वर्गात कोणी बोलले नाही. प्राध्यापक धोक्याच्या सूचना देऊ लागले, आणि त्या रास्तच होत्या : या प्रमाणावर नकाशातला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर, काठावरच्या ठिपक्यावर भरवसा ठेवू नये, शिवाय तळ्याची कड म्हणजे ती आखणाऱ्याने पाहिली त्या दिवशीची कड, पाणी उतरले की लोक तिथे गाळपेर करतात. आणि ज्या गावाचे घरठाण वाचले पण काळी पाण्यात गेली, ते गाव या निवडीत बुडालेले दिसणारच नाही. हे शेवटचे ऐकून मागून कोणीतरी ‘‘हां’’ म्हणाले.

ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. मुले त्यांना आबा म्हणत. त्यांचे गाव धरणात गेले तेव्हा ते विशीत होते. पुढे चितेगावच्या एका कारखान्यात त्यांनी बरीच वर्षे रखवालदारी केली आणि इथलेच झाले. ते पुढे आले, पडद्याच्या अगदी जवळ बसले.

‘‘माहं गाव हाये का ह्याच्यात?’’

मुलीने नाव विचारून शोधाच्या चौकटीत घातले. नाही. इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी बदलून पाहिले. नाही. मी स्वतः जुन्या तावावरची त्या टापूतली सगळी नावे वाचून काढली. नव्हते. अडीच लाखांत एकच्या तावावर लहान वाड्या-वस्त्या मावत नाहीत. छापणाऱ्याने मोठी गावे निवडली, लहान सोडली. जे मुळात राशीत नाही ते कोणत्याही वाक्याने पिवळे होत नाही, हे त्या मुलीला ठाऊक होते. आबांना ते सांगायचे कसे, म्हणून ती माझ्याकडे पाहू लागली.

आबांनीच वाट काढली. शेजारच्या दोन गावांची नावे त्यांनी घेतली. ती होती, पिवळी होती. ‘‘ह्या गावाहून खाली कोसभर. वढा येऊन गंगेला मिळतो ना, त्याच्या अलीकडच्या अंगाला.’’ गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. जुन्या तावावर तो ओढा केसासारखा बारीक काढलेला होता, नदीला मिळत होता. मुलीने तिथे बाण नेला. आबांनी बोट पडद्यावर टेकवले, जरा डावीकडे सरकवले. ‘‘हितं.’’

गावाचे नाव मी येथे लिहीत नाही. त्यावरून आबा कोण ते लगेच कळेल, आणि मासिकात येण्याची त्यांना हौस नाही. पण त्या रात्री त्या नावाचा एक नवा थर झाला. त्यात पहिला ठिपका गावाचा. मग आबा सांगत गेले आणि पोरे टाकत गेली : मारुती, पार, शाळेची एक खोली, उतार जिथून बैल पाण्यावर जायचे ती जागा. मध्येच ते डोळे मिटून थांबायचे, हाताने हवेत वळण काढायचे आणि मग सांगायचे. पाराच्या उत्तरेला त्यांच्या चुलत्याची विहीर होती, ताशीव दगडांची. तिचाही ठिपका पडला.

विहीर म्हटल्याबरोबर त्या मुलाच्या पडद्यावर आमच्या पाहणीचे नेहमीचे रकाने उघडले. चार दिवसांच्या सवयीने तो विचारत गेला. बांधीव का? बांधीव. खोली? सात परस. आणि मान वर न करता, त्याच सुरात, त्याने पुढचा प्रश्न केला :

‘‘आबा, उन्हाळ्यात पाणी असतं का?’’

वर्गात एकदम शांतता झाली. मुलाच्याही लक्षात आले आणि तो ओशाळला. आबा मात्र मोठ्याने हसले.

‘‘आता असतं की,’’ ते म्हणाले. ‘‘ल्ही, बारमाही.’’

मुलाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि रकान्यात ‘बारमाही’ असे लिहिले.